वरची पट्टी

ईस्टरच्या उपासनेत गाणं वरच्या पट्टीत गेलं आणि पुढच्या रांगेतल्या एलियाचा आवाज चिरकला. ऑर्गनवर बसलेल्या रणभिसे सरांनी पायाखालचं पेडल पूर्ण दाबलं. चर्च दणाणून गेलं. चिरकलेला सूर त्यात बुडाला.

एलियाची शाळा मुळात निघालीच होती चर्चला गाणारी मुलं हवीत म्हणून. पुढे ती मोठी झाली, शहरात नावाजली, पण विश्वस्तांचा जुना नियम हलला नाही. क्वायरमधल्या मुलाला शिक्षण आणि बोर्डिंग फुकट, पण आवाज फुटेपर्यंतच. मग पांढरा झगा परत करायचा आणि गावाकडची एसटी धरायची. देवाच्या घरचा हा व्यवहार कुणाला वावगा वाटला नव्हता. एलियाच्या दहावीला अजून वर्ष होतं.

तेव्हापासून दर रविवारी वरची पट्टी आली की ऑर्गन गरजायचा.

अखेर एकदा उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सरांना थांबवलं.

"रणभिसे, हल्ली ऑर्गन फार चढतो. मुलांचं गाणं ऐकूच येत नाही."

"जुना झालाय, साहेब. आवरत नाही," सर पेडलकडे बघत म्हणाले.

पाळकसाहेबही याच शाळेचे, याच क्वायरमध्ये गायलेले. नियम त्यांना पाठ होता. बाकावर एलियाचा झगा पडला होता. तो उचलून त्यांनी झटकला आणि पुन्हा त्याच्या खुंटीला अडकवला.

"आमच्या वेळी," दाराशी जात ते म्हणाले, "वरची पट्टी आली की आमच्या सरांना ठसका लागायचा. मी मॅट्रिक होईपर्यंत."