टोमॅटोच्या वाफ्याखालचं मैदान

खाणी बंद पडल्या, मागोमाग फुटबॉल क्लबचं स्टेडियमही पाडलं. तिथे घरं उभी राहिली, तेव्हा एवाल्डने हट्टाने मैदानाच्या मधोमधचं घर घेतलं. उभा जन्म त्याने तिथे माइकवरून खेळाडू पुकारले होते. तो नुसतं नाव घ्यायचा, आडनाव सगळी गर्दी एका आवाजात गर्जायची, आणि खेळाडू मैदानात उतरायचा.

आता शनिवारी दुपारी तो टोमॅटोंना पाणी घालायचा.

"त्यांनाही आडनावं ठेवलीस का रे?" त्याच्या बायकोने, गेर्लिंडेने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची टर उडवली. मग केक कापून तिने रोजच्यासारखी हाक मारली, "एवाल्ड!"

"ब्रिंकमान!" वाफ्याखालून हजारो गळे गर्जले.

कपातली कॉफी हिंदकळली.

एवाल्डने झारी खाली ठेवली. आजवर त्याचं आडनाव कोणी असं पुकारलं नव्हतं. डोळे पुसून त्याने शर्ट नीट खोचला. "गेर्लिंडे," तो लाजत म्हणाला, "अजून एकदा हाक मार ना."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

तेव्हा जमिनीखालूनच, माइकवरच्या त्याच्याच तरुण आवाजात, हाक आली, "एवाल्ड..."