फोनला हिसका

धाकट्या नातवाच्या तोंडाला लगाम नाही. त्याच्या लाडक्या लढाईच्या गेमवरून थोरल्या नातीने फोनवर पिनबॉलसारखा, लोखंडी गोळी टोलवायचा नवा गेम बनवला, तर हा मित्रांदेखत नावं ठेवतो!

"यात लढाईच नाही. नुसतं नशीब!"

"पण गोळी उडवायला मजा येते की," एक मित्र म्हणाला.

"पोरखेळ!"

नातीचा चेहरा उतरला.

मी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. गोळी तळाच्या खड्ड्यात पडून डाव संपणार, तोच लहानपणी जत्रेतल्या गोळीच्या खेळात खिळ्यांच्या फळीला द्यायचे तसा फोनला हिसका दिला. गोळी वर उडाली, आकडे धडाधड वाढले.

"आजी, चीटिंग!"

"नाही रे, हिसक्याची सोय मीच ठेवलीय," नात फुलली. "आजवर कुणाला सापडली नव्हती."

मी नातवाला म्हटलं, "गाढवा, माझ्या नातीचा गेम झकास आहे. तुझेच हात भिकार!"