पुटची यादी

इराने टोपी डोक्यावर घातली आणि अभिमन आबांना आभाळ ठेंगणं झालं. "पुट ऑन युअर कॅप," एवढंच ते म्हणाले होते आणि पुण्याच्या नातीने ते मुकाट ऐकलं होतं. सात वर्षांच्या पोरीला मराठी येत नाही, म्हणून आबांचा मुलगा ज्ञानेश्वर तिला सुट्टीत आजोबांकडे ठेवत नसे. ती तुमच्याशी बोलणार काय, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

म्हणून आबा दोन महिने शेजारच्या मयुरीपुढे पहिलीतल्या पोरासारखे बसले. बी.ए.ला असलेल्या मयुरीने एकच शब्द धरला, पुट. त्याला शेपट्या लावायच्या. पुट ऑन म्हणजे अंगावर घालणं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. पुट अप विथ म्हणजे नाइलाजाने सोसणं. या शेवटच्याने आबांना फार छळलं. असलं कोण बोलतं, असं ते कुरकुरले. पण यादी तंबाखूच्या डबीत ठेवून तोही घोटला.

आज धुळ्याजवळच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती आणि मयुरी ती लाकडी बडगीत ठेचत होती. जेवताना आबा मुलाकडे नातीचे मे महिन्यातले आठ दिवस मागणार होते, तेही इंग्रजीत. वाक्य तयार होतं.

ते पानावर बसले, तर समोर ज्ञानेश्वर आणि सूनबाई इंग्रजीत बोलत होते. आबांसमोर ते नेहमीच असं बोलत. त्यासाठी कधी दार लोटून घ्यावं लागलं नाही. पोरगा कसा फाडफाड बोलतो, म्हणून आबाच कौतुकाने मान डोलवत.

सून म्हणाली, हे आज पुन्हा इराचं विचारतील.

"आय विल पुट इट ऑफ," ज्ञानेश्वर कळण्याची भाकरी मोडत म्हणाला. मग बापाकडे पाहून छान हसला आणि तोच हसरा चेहरा ठेवून बायकोला म्हणाला, "टिल इव्हनिंग, जस्ट पुट अप विथ हिम."

आबांची मान सवयीने डोलली. मग मध्येच थांबली. इतकी वर्षं आपण कशाकशाला मान डोलावली असेल, या विचाराने त्यांनी हातातला घास पानात परत ठेवला.

"आबा, काही म्हणत होतात का?" ज्ञानेश्वरने विचारलं.

ते नाही म्हणाले आणि त्याच्या पानात आणखी भरीत वाढायला सांगितलं.

वाढायला आलेली मयुरी त्यांच्या कानाशी वाकली. शिकवलेलं सगळं कामाला आलं का, हे विचारल्यावाचून तिला राहवत नव्हतं. "आबा, वापरं का एखादं पुट?"

आबांनी डबी बंडीच्या खिशात खोल सारली.

"मी नई, पोरी," ते म्हणाले. "पन बठ्ठं कामले उनं."