भागीरथीचं विरजण

डेअरीतल्या तपासणीच्या खिडकीपुढे निवृत्ती दह्याचा डबा धरून उभा होता. बायको कौसल्या गेल्यापासून तिचं विरजण त्याने एक दिवसही मोडू दिलं नव्हतं.

"काका, कुणाला शोधायचंय?" खिडकीतल्या तनुजाने विचारलं.

"बायकोच्या पणजीला, भागीरथीला. वंशावळीत तिचं नावच नाही. लेकीला सासूपाशी ठेवून घरातून नाहीशी झाली. विहीर जवळ केली म्हणायचे लोक. कौसल्याला ते शेवटपर्यंत सलत होतं."

तनुजाने चमचाभर दही यंत्रात घातलं. विरजण कोणत्या घरातून कोणत्या घरात गेलं, हे त्यातल्या जंतूंवरून ते यंत्र सांगायचं.

"काका, भागीरथीच्या काळातच याची एक फांदी भंडाऱ्याकडे गेलीय. तिथल्या एका घरात अजून याच विरजणाचं दही लागतं. त्यांनी नोंदवलंय, त्यांची पणजी एकटीच आली होती. कुठून, ते तिने कधी सांगितलं नाही."

"पण ती भागीरथीच कशावरून?" निवृत्तीने विचारलं.

मागे उभ्या असलेल्या म्हातारीला राहवेना. "अहो, जीव द्यायला निघालेली बाई विरजण बरोबर नेते होय?"

 निवृत्तीने डोळे पुसले आणि तनुजाला विचारलं, "त्यांचंही दही असंच आंबट लागतं का गं?"

"तुम्हीच विचारा, नंबर देते."

फोन झाल्यावर त्या संध्याकाळी त्याने विरजायला दूध जास्त घेतलं. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याची माणसं जेवायला येणार होती.