भागिरथाचा जबाब

"हात घरीच गेला, मॅडम. कडबाकुट्टीत," पंजाबराव म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय," साक्षी इंगळे म्हणाली.

समोरच्या खुर्चीवर त्याची बायको भागिरथा बसली होती. उजव्या हाताला जाड पट्टी होती. "हे म्हनते तसंच हाय," ती म्हणाली.

कारंजातल्या या कापसाच्या जिनिंगमध्ये एका बाईची तीन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली, असा निनावी फोन कारखाना सुरक्षा खात्यात आला होता. साक्षी तिथली निरीक्षक. मालक सन्मतीशेठनी तिला सगळी जिनिंग स्वतः फिरवून दाखवली होती. भिंतीवर सुरक्षेचे फलक होते, औषधांची पेटी होती. पट्ट्यावर लोखंडी झाकणही होतं. त्याचे बोल्ट मात्र कोरे करकरीत होते.

"आमच्याकडं अपघात झालेलाच नाही, मॅडम," सन्मतीशेठ म्हणाले. "तरी बाईंना मी कामावरून काढलं नाही. पाणी द्यायचं हलकं काम दिलंय."

पंजाबराव इथलाच फिटर; मशीन खोलणं-जोडणं त्याच्याकडेच. नवरा-बायको रोज धनजहून एसटीनं यायचे. प्रश्न बायकोला विचारला की उत्तर तो द्यायचा. असे नवरे साक्षीनं पुष्कळ पाहिले होते. मालकानं नवऱ्याला हाताशी धरलं की बायकोचं तोंड आपोआप बंद होतं.

तिनं शेठ आणि पंजाबराव, दोघांनाही बाहेर थांबायला सांगितलं.

"आता बोला. कुणाची भीती आहे?"

"कोनाची बी नाई."

"घरी जनावरं किती?"

भागिरथा घुटमळली. "एक बी नाई."

"मंग कडबाकुट्टी कायले ठेवली?" साक्षी मूळची किन्हीराजा गावची. बोली अशी मधूनच तोंडात यायची.

भागिरथाला हसू आलं. मग डोळे भरले. ती खिडकीबाहेर पाहू लागली. मशीन सुरू होती. पट्ट्याच्या अगदी जवळ वाकून रुपाबाई नावाची दुसरी कामगार सरकी ओढत होती.

"तुमच्या जागेवर आता त्या आहेत," साक्षी म्हणाली. "आज मी येणार म्हणून झाकण लागलं. मी गेल्यावर राहील?"

भागिरथानं रुपाबाईवरची नजर काढून साक्षीकडे पाहिलं.

"मॅडम, झाकन ज्यानं काढलं त्याले जेल होते काय?"

साक्षीनं पेन खाली ठेवलं. "झाकण उघडं असताना मशीन चालूच कशी राहिली, हे मी आधी विचारणार. त्याचं उत्तर मालकानं द्यायचं असतं. कामगारानं नाही."

"खरं सांगता?"

"खरं."

"मंग लिहा. इथंच झालं." ती भराभर बोलू लागली, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. "चार दिस झाकन नव्हतं. पट्ट्याखाली कापूस गुतत होता. झाकन असलं की काढाले वेळ लागते. मशीन बंद करा म्हनलं की शेठ घड्याळ पाह्यते. मंग चालू मशीनीतच कापूस काढून राह्यलो होतो."

"पोलिसांत, दवाखान्यात कडबाकुट्टी का सांगितलं?"

भागिरथानं मान खाली घातली. साक्षीनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मालकाच्या धाकात माणूस काय काय बोलतं, हे तिला माहीत होतं. तिनं शांतपणे जबाब लिहून काढला आणि दोघांना आत बोलावलं.

सन्मतीशेठ दारातच उभे राहिले. पंजाबराव बायकोच्या खुर्चीमागे आला. साक्षी वाचू लागली, "'पट्ट्यावर झाकण नसल्याने, अडकलेला कापूस काढताना कामगार भागिरथा यांचा उजवा हात चालू मशीनमध्ये अडकला...'"

"असं नोका लिहू," भागिरथा म्हणाली.

सन्मतीशेठनी सुस्कारा सोडला. साक्षीला वाटलं, गेलं सगळं. बाई फिरली.

भागिरथा उठली. डाव्या हातानं तिनं नवऱ्याचा उजवा हात ओढला आणि पाचही बोटं शाबूत असलेला तो पंजा टेबलावरच्या कागदावर ठेवला. पंजाबरावनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते.

"अडकला होता तो हा," ती म्हणाली. "म्या तं याले काढाले हात घातला होता."