जांभळी रेघ

विहिरीपासून निघालेली जांभळी रेघ नीळकंठरावांच्या दाराशी आली होती. गावच्या मातीत सोडलेले जिवाणू इंजिन ऑइल चाखलं की असे जांभळे होत, आणि ज्याचं ऑइल त्याची गाडी जप्त होई.

“विहीर नासवलीत!” समोरच्या मालूताई कडाडल्या. “स्वतः गाडीखाली शिरायची हौस फार!”

“स्टँड लावून, खाली परात ठेवून काढलंय ऑइल. थेंब सांडला नाही. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात भरून, जुनं ऑइल नेणाऱ्यांसाठी कट्ट्यावर ठेवलं होतं.”

“मग डबा दाखवा,” पालिकेची निरीक्षिका म्हणाली.

कट्टा रिकामा होता.

“थापाड्या!” गर्दीतून कुणी ओरडलं.

निरीक्षिका वाकली. रेघ दाराशी थांबलीच नव्हती. गटाराच्या कडेने ती थेट पारावरच्या मारुतीपर्यंत गेली होती. शेंदूर काळवंडला होता आणि मागे तोच डबा आडवा पडला होता.

मालूताईंचा आवाज एकदम खाली आला. “शनिवार होता. घरातलं तेल संपलेलं. म्हटलं, देवालाच तर वाहायचंय. पहाटे काळं-पांढरं दिसतंय कुठे!”

“डब्यावर चिठ्ठी लावली होती?” निरीक्षिकेने नीळकंठरावांना विचारलं.

त्यांनी एकदा मालूताईंकडे पाहिलं. “नाही. चूक माझीच,” ते म्हणाले आणि गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

मग फडकं घेऊन ते मारुती पुसायला पारावर चढले, तशा मालूताई किंचाळल्या, “त्या ऑइलच्या हातांनी देवाला हात लावू नका!”