शेजारच्या कुंड्या

"बस बॅगेवर, ठके," मोजणीदार म्हणाला.

ठकीने टुणकन उडी मारली, तरी चेन लागेना. मग बायको आली, तिने एक स्वेटर बाहेर ओढला आणि चेन सर्रकन लागली. उद्या सकाळचं विमान होतं. परदेशातल्या लांबलचक सुट्टीचा आज शेवटचा दिवस.

खालच्या स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. आई आणि या घरातली टोपीवाली म्हातारी!

मोजणीदार हातातलं काम टाकून ऐकत राहिला. बाबा गेले आणि आई बोलणंच विसरली होती. ताट पुढे ठेवलं तर चार घास खायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर झाले, नातेवाईक येऊन रडून गेले, फरक शून्य. शेवटी त्याने साठवलेली सगळी रजा काढली आणि सगळ्यांना घेऊन इथे आला. आणि इथे आई हसली.

"घरी गेल्यावर पुन्हा गप्प झाली तर गं?" त्याने हळूच विचारलं.

"शुभ बोल जरा! आणि निघायच्या आधी त्या घरमालकाला फोन कर. तक्रार करायला नाही हं, आभार मानायला."

तक्रारीचं प्रकरण पहिल्या संध्याकाळचं. टॅक्सीत त्याने सगळ्यांना जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली होती: संपूर्ण घर फक्त तुमचं, किल्ली दाराजवळच्या पेटीत, गाद्या-चादरी तयार, अट एकच, दारातल्या कुंड्यांना रोज पाणी. टॅक्सीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. अंधार पडत होता, घरं सगळी सारखीच. बायको म्हणाली, कुणाला तरी विचारू या.

"मी विचारू? मी?" उभा जन्म लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजण्यात गेलेला माणूस तो. त्याने खिडकीत दिवा असलेल्या घराकडे बोट दाखवलं. "हेच."

तो किल्लीची पेटी शोधतोय तोवर दार उघडलं. दारात एक म्हातारी, डोक्याला लोकरीची टोपी. ती एकेकाकडे बघत राहिली. पेंगुळलेली ठकी, बॅगा, खाली मान घातलेली आई. मग तिने आईचा हात धरला आणि तिला आत नेलं.

"संपूर्ण घर म्हणे!" त्या रात्री तो धुसफुसला होता. "ही बाई बसलीय त्यात. गाद्या आत्ता माळ्यावरून काढतेय. कुंड्या तर सोडच, कुंडीचं खापरही नाही दारात. फसवलं आपल्याला."

"मालकाची आई असेल," बायको म्हणाली. "म्हातारं माणूस जाणार कुठे? गप झोप. सूप काय छान होतं!"

त्याने मालकाला 'पोचलो' एवढंच कळवलं आणि तक्रार उद्यावर ढकलली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी म्हाताऱ्या पाव आणायला गेल्या. येताना शेजारच्या बंद घराच्या फाटकाशी थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि पोट धरधरून हसत सुटल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काय झालं गं आई?"

"काही नाही रे. आमचं आपलं काहीतरी."

आईचं ते कितीतरी महिन्यांतलं पहिलं वाक्य. मोजणीदार न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडला. तक्रार तिथेच विरली.

मग आईने मागे वळून पाहिलंच नाही. कणीक मळली, टोपीवालीकडून लोकरीचे टाके शिकली, ठकीला दोघींनी मिळून लाडावून ठेवलं. संध्याकाळी दोघी झारी घेऊन शेजारच्या दारातल्या झाडांना पाणी घालायच्या.

"लोकांच्या झाडांची कसली चाकरी?" तो चिडवायचा.

"घर बंद आहे. झाडांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" आई म्हणायची. घरी तिचा स्वतःचा गुलाब वाळून काडी झाला होता, तेव्हा तिने मान वळवून बघितलं नव्हतं.

आज दुपारी जेवणं झाल्यावर तो टोपीवालीपुढे उभा राहिला. बोलायचं खूप होतं, शब्द एकही नव्हता. त्याचे डोळे भरले. तिने त्याच्या गालावर चापटी मारली. मग स्वतःची टोपी काढून आईच्या डोक्यावर चढवली. आईने आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. दोघी नाकं ओढत हसत होत्या.

"बाई नाही, माऊली आहे," बायको म्हणाली. "कर आता फोन."

शेजारच्या बंद घरातून कुणी माणूस कुलूप लावून बाहेर पडत होता. मोजणीदाराने खिडकीशी उभं राहून फोन लावला; मालकाला निदान इंग्रजी यायचं.

"आभार मानायला फोन केला साहेब. तुमच्या आईंनी आमच्यासाठी जे केलं, ते आम्ही जन्मात विसरणार नाही."

"माझ्या आईने?" मालक गोंधळला. "ती इथे असते, माझ्याजवळ."

मोजणीदाराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आभार तर मीच मानायला हवेत. आमच्या माणसाने आत्ताच घरातून फोन केला होता. म्हणतो, कुंड्या इतक्या कधी फुलल्या नव्हत्या. फक्त एक कळेना. किल्ली पेटीत जशीच्या तशी आहे, चादरींची घडीसुद्धा मोडलेली नाही. तुम्ही सगळे झोपलात कुठे?"

फोन कानाला तसाच धरून मोजणीदार बाहेर धावला. शेजारच्या दारात टोपी घातलेली आई झारीने पाणी घालत होती, शाल पांघरलेली म्हातारी बाजूला उभी होती.

"आई! अगं, हे घर... या कुंड्या..."

"ओरडतोस काय?" आईने झारी पुढच्या कुंडीवर वाकवली. "अट म्हणजे अट. टॅक्सीत तूच तर वाचून दाखवली होतीस."